सवतीची लीद

नवऱ्याचं नाव घ्यायला मला कधी लाज वाटली नाही. लग्नात उखाणा मागितला तेव्हा मी न लाजता दोन घेतले. पण त्याच्या घोडीचं नाव मी घेत नसे. तिला मी ‘ती’ म्हणायचे, फारच राग आला तर ‘बाईसाहेब’. गल्लीतल्या बायका तिला माझी सवत म्हणायच्या. मी वरवर हसायचे आणि आतून दात खायचे.

आमच्या जुन्नर-आंबेगावात घोडी टांग्यासाठी पाळत नाहीत. ती असते बैलगाड्यासाठी. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, गाडा सुटला की बैलांच्या पुढं एक घोडी पळते, पाठीवर स्वार घेऊन, आणि तिला गाठायला बैल जीव खाऊन धावतात. घोडी बिचकली, आडवी गेली, की बारी, म्हणजे गाड्याची ती धाव, वाया. शर्यतींवरची बंदी उठली आणि गावोगावच्या यात्रांना पुन्हा घाट भरायला लागले, तेव्हापासून ज्याच्या दारात चांगली घोडी त्याच्याकडं बैलवाल्यांच्या खेपा सुरू झाल्या. आमच्या दारात चांगली घोडी होती. बुटकी, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. खरं म्हणजे तट्टूच, पण तट्टू म्हटलेलं आमच्या घरात चालत नसे. मी मुद्दाम म्हणायचे.

माझं माहेर आळ्याचं, कॉलेज ओतूरला झालं आणि लग्न होऊन आले ती अवसरी खुर्दच्या बाजूला. इथं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्यामुळं मी पोरांसाठी मेस चालवते. सकाळ-संध्याकाळ डबे. नवऱ्याची शेती, कांदा-बटाटा, आणि उरलेला सगळा वेळ ती. गाईचं पहिल्या धारेचं दूध तिला. भिजवलेले हरभरे, गूळ-शेंगदाणे तिला. थंडीत तेलानं पाय चोळायचे तेही तिचे. माझे पाय दुखतात असं मी एकदा म्हटलं तर म्हणाला, “दिवसभर हुबी असती ना, बस की जरा.”

मला चष्मा लागला हे त्याच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. तेही सासूबाईंनी सांगितलं म्हणून. आणि तिचा एक नाल सैल झाला तर ओसरीत बसून नुसत्या चालण्याच्या आवाजावरून त्याला कळायचं. आता सांगा, जळू नको तर काय करू?

तर गेल्याच्या गेल्या थंडीत ती वाळायला लागली. खायची भरपूर, पण अंगाला लागेना. बरगड्या दिसायला लागल्या आणि पोट मात्र खाली सुटलेलं. केस राठ झाले. लीद पातळ. यात्रा चैत्रात, आणि गावच्या गाड्यापुढं आमचीच घोडी पळणार असं ठरलेलं होतं. त्या एका गोष्टीवर माझ्या नवऱ्याची वर्षाची सगळी हौस टांगलेली असते. ती पळाली नाही तर दुसऱ्या गावची घोडी येईल आणि आमचा हा माणूस कठड्याला टेकून टाळ्या वाजवेल, हे त्याला मरणाहून वाईट वाटत होतं. त्याची झोप उडाली. जेवणात लक्ष लागेना. माझ्या हातची पुरणपोळी त्यानं अर्धी ठेवली आणि उठून गोठ्यात गेला. मला टायफॉइड झाला होता तेव्हा त्यानं पुरणपोळ्या दुसऱ्यांदा मागून घेतल्या होत्या. त्या माझ्या बहिणीनं केल्या होत्या.

त्यानं उपाय केले नव्हते असं नाही. आमच्याकडच्या सगळ्या घोडीवाल्यांची एक पद्धत आहे. अमावास्येला पोटातले जंत चाळवतात म्हणतात, म्हणून दर अमावास्येला घोडीला जंताचं औषध. मंचरहून बाटली आणायची, अंदाजानं घशात ओतायची, आणि उरलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून शेजारच्या घोडीला, नाहीतर शेळ्यांना. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. आता त्यानं बाटली बदलली नाही, पण ओतायचा हात सैल केला. काही फरक पडेना.

मग सासूबाईंनी निदान केलं. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घोडीवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या, पण कुणाला ठसका लागला नाही. सासूबाई गंभीर झाल्या. “दृष्ट हाय. लई वाईट दृष्ट हाय.”

“कुणाची?” नवऱ्यानं विचारलं.

“आता कसं सांगावं? कवा कवा घरातल्या माणसाची बी लागती,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. अगदी ठरवून बघितलं नाही.

मी भाकऱ्या थापत होते. हातातली भाकरी थापायची राहिली. कारण मनातल्या मनात मी हिशेब लावत होते. दृष्ट लागते ती जळणाऱ्या माणसाची, आणि त्या घोडीवर माझ्याएवढं जळणारं माणूस दोन्ही तालुक्यांत नसेल. मी रोज डबे भरताना तिच्याकडं बघायचे ते कसं बघायचे, ते माझं मला माहीत. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण विश्वास नसला तरी त्या दिवसापासून मी गोठ्याकडं पाठ करून कणीक मळायला लागले.

त्याच सुमाराला आमच्या गल्लीत एक डॉक्टरीणबाई राहायला आली. जनावरांची डॉक्टर, वयानं लहान, पुढचं शिक्षण घेत होती आणि त्यासाठी तिला घोड्यांच्या पोटातल्या जंतांवर काम करायचं होतं. एवढी घोडी एका जागी दुसरीकडं कुठं मिळणार? ती माझ्याच मेसला जेवायची. नवऱ्यानं तिला पहिल्याच दिवशी गोठ्यात नेलं. तिनं घोडीच्या हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं, अमावास्येच्या औषधाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दादा, तेच तेच औषध, अंदाजानं, कधी कमी कधी जास्त. त्यानं नाजूक जंत मेले, चिवट उरले. आता त्यांची पिल्लंही चिवटच निघणार. या भागात ते औषध चालतंय का, हेच मला तपासायचं आहे.”

तेव्हापासून घरात “मॅडम म्हणत व्हत्या” सुरू झालं. मी तीच गोष्ट म्हटली तर हूं, आणि मॅडमनी म्हटली तर वा. मला तिचाही राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण ती माझी आमटी मागून घ्यायची आणि वाटी चाटूनपुसून ठेवायची. अशा माणसावर राग टिकत नाही.

घाटाच्या खालच्या पटांगणात एका सकाळी आजूबाजूच्या गावांतल्या घोड्या जमल्या. डॉक्टरीणबाईनं शिंप्याच्या फितीसारख्या फितीनं एकेकीची छाती मोजली, कारण वजनाप्रमाणं औषध द्यायचं. प्रत्येक मालक तिला फीत सैल धरायला सांगत होता, म्हणजे आपली घोडी भारी दिसेल. मग चिठ्ठ्या. माझ्याच मेसच्या स्टीलच्या डब्यात. काही घोड्यांना आपलं नेहमीचं जुनं औषध मिळणार, नीट मोजून. काहींना नवीन औषध. आणि काहींना सध्या काहीच नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा लीद तपासेपर्यंत. ओळखायला गळ्यात दोरे. जुन्याला तांबडा, नव्याला हिरवा, थांबणारीला काळा.

नवऱ्यानं डब्यात हात घातला. काळा.

“आमच्याच घोडीनं काय पाप केलंय, मॅडम? सगळ्यात वाळल्याली हीच हाय,” तो म्हणाला. त्याचा आवाज रडका झाला होता.

डॉक्टरीणबाईनं समजावलं, की काही घोड्या तशाच ठेवल्या नाहीत तर जंत औषधानं कमी झाले की आपोआप, हे कळणार कसं. “मी स्वतः येऊन हिला बघत जाईन. जास्त खालावली तर थांबणार नाही, लगेच औषध देईन.” आणि मग ती माझ्याकडं वळली. “फक्त ताई, जबाबदारी तुमची. दादांचा हात राहणार नाही. चोरून बाटली पाजतील.”

खरं सांगते, काळी चिठ्ठी निघाली तेव्हा मला आनंद झाला होता. सगळ्यांना काही ना काही मिळालं, बाईसाहेबांना नाही. त्या आनंदाचं मला अजूनही काही वाईट वाटत नाही. तो आनंद भोगत मी उभी होते आणि तेवढ्यात तिचं दावं माझ्या हातात आलं.

मग काय, बाटली मी तांदळाच्या पिंपात खाली पुरली. चारा-पाणी माझ्याच हातानं व्हायचं. नवरा गोठ्याच्या दारात उभा राहून सूचना करायचा. “जरा डावीकडनं जा. डावीकडनं आवडतं तिला.” मी उजवीकडनं जायचे. शिवाय लीद गोळा करायची होती. पडल्या पडल्या, मातीला न लागलेली, पिशवी हातात उलटी घालून उचलायची, हवा काढून गाठ मारायची आणि थंड जागेत ठेवायची. थंड जागा म्हणजे माझा मेसचा फ्रीज. दह्याच्या पातेल्याशेजारी, डब्यात डबा घालून, सवतीची लीद. एका पोरानं लिंबू शोधताना तो डबा उघडला आणि पुढं बरेच दिवस तो दही खात नव्हता.

घोडी काही आपल्या सोयीनं लीद टाकत नाही. सकाळी पोळ्या आटोपून मी पिशवी घेऊन तिच्या मागं उभी राहायचे, आणि ती कडबा खात निवांत. अशा वेळी माणूस किती वेळ गप्प राहणार? मी बोलायला लागले. आधी शिव्या. मग तक्रारी. चष्म्याची गोष्ट मी तिला सांगितली, पुरणपोळीची सांगितली. नवऱ्याबद्दल माझी तक्रार पूर्ण ऐकून घेणारं त्या घरात दुसरं होतं कोण? सासूबाईंना सांगावं तर तो त्यांचा मुलगा. बहिणीला फोनवर सांगावं तर ती आपल्याच नवऱ्याचं काढते. ही कान मागं वळवून ऐकायची. मधेच एक पाय बदलायची. आणि माझं बोलणं संपलं की लीद टाकायची. डॉक्टरीणबाई म्हणाली, ती निवांत झाली की टाकते. मला ते माझ्या बोलण्यावरचं मत वाटायचं.

तिला भाकरीची करपलेली कड आवडते हे मला तेव्हा कळलं. नवऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याला गूळ-शेंगदाण्यापलीकडं काही सुचलंच नव्हतं. मी त्याला सांगितलंही नाही. काहीतरी एक माझ्याकडंच असावं, असं वाटलं.

एका दुपारी डॉक्टरीणबाईनं मला तिच्या खोलीवर बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी लांबट, पारदर्शक अंडी. सगळीकडं अंडीच अंडी. “ही सगळी तुमच्या घोडीची. म्हणजे तिच्या पोटातल्या जंतांची.”

“म्हणजे दृष्टबिष्ट काही नाही?” मी विचारलं.

“काय?”

“काही नाही,” मी म्हटलं आणि पुन्हा डोळा लावला. त्या किळसवाण्या अंड्यांबद्दल मला एवढी माया दाटून आली की काय सांगू. माझं काही नव्हतं त्यात. जे होतं ते या अंड्यांचं. घरी येताना मी गोठ्याकडं तोंड करून चालले, बऱ्याच दिवसांनी.

पण जळण्याचा मक्ता काही माझ्या एकटीकडं नव्हता, हे पुढं दिसलं. आमची घोडी औषधाविना होती आणि सगळ्यात वाळलेली, म्हणून डॉक्टरीणबाई सारखी तिला बघायला यायची. येणार, हिरड्या बघणार, पाठीवर हात फिरवणार, जाणार. रस्त्यानं जाणाऱ्यांना एवढंच दिसायचं की मॅडम हिच्याच दारात. बाकीच्यांच्या घोड्यांना एकदा तोंडात पेस्ट पिळून सोडून दिलं, आणि काळ्या दोऱ्याच्या घोडीला मात्र रोजची भेट. आता काळा दोरा म्हणजे आमच्याकडं दुसरं काय असतं? लहान मुलाच्या कमरेला, नव्या ट्रॅक्टरला, सुंदर म्हशीला, दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तोच. मॅडमनी दिलाय म्हणजे त्याच्यात काहीतरी भारलेलं, नाहीतर औषध लावलेलं असणार, असं कुणीतरी म्हणालं. मग ते गावोगाव झालं. बाजाराच्या दिवशी मंचरला काळा करदोडा संपला होता, मी स्वतः मागितला तेव्हा दुकानदार तसं म्हणाला.

मी तो सासूबाईंसाठी मागत होते. त्या म्हणाल्या, एक गाईला बी आण.

दोन आठवडे झाले, पुन्हा लीद गोळा झाली, तपासली गेली. निकाल डॉक्टरीणबाईनं जेवता जेवता सांगितला. जुन्या औषधाच्या घोड्यांत अंडी जवळपास होती तशीच. नव्याच्या घोड्या साफ. आमच्या घोडीत आधीपेक्षा जास्त. आदल्या दिवशीपासून तर ती कडब्याला तोंड लावत नव्हती, माझी करपलेली कडसुद्धा तिनं हुंगून सोडली होती. मी डॉक्टरीणबाईला ते सांगितलं. ती ताटावरून उठली, गोठ्यात जाऊन आली आणि म्हणाली, “उद्या सकाळीच. पटांगणात सगळ्यात आधी काळ्या दोऱ्यांना, कारण त्या घोड्या थांबल्या होत्या. तेवढं नवीन औषध माझ्याकडं आहे. तांबड्यांचं मागवलंय, यायला वेळ लागेल.”

सकाळी आम्ही तिला हळूहळू चालवत पटांगणात नेलं. आणि बघतो तर सगळ्या घोड्यांच्या गळ्यात काळे दोरे. एकूण एक. तांबडं-हिरवं काही शिल्लकच नाही. एका गळ्यात दोन दोरे कशाला, म्हणून आधीचे कापून टाकलेले.

डॉक्टरीणबाई औषधाची पेटी उघडून उभी होती ती तशीच राहिली. “अहो, हे काय केलंत तुम्ही? दोरा नुसता ओळखीचा होता!”

“असू द्या की मॅडम, आमच्या बी घोड्यांना ऱ्हाऊ द्या.”

तिनं मोबाइल काढला, पहिल्या दिवसाचे फोटो होते म्हणून. पण दोऱ्याचा रंग दिसावा म्हणून तिनं फोटो गळ्याचेच काढलेले. दोरा स्पष्ट, घोडी अर्धी, आणि तांबूस माना सगळ्या सारख्या. मग ती एकेका मालकाला नाव विचारून, त्याच्या पिशवीचा निकाल बघून, औषधाच्या पेस्टची एकेक पिचकारी द्यायला लागली. सगळे एकदम बोलत होते. आमची पाळी आली तेव्हा तिनं पेटीत हात घातला. पेटी रिकामी.

“एक कमी कशी पडली?”

शेवटची पिचकारी पलीकडच्या गावच्या एका मिशीवाल्याच्या हातात होती. मॅडम मोबाइलमध्ये बघत असताना त्यानं आपल्या हातानं उचलली होती, आणि आता तो झाकण काढत होता. डॉक्टरीणबाईनं त्याचं नाव विचारून निकाल बघितला. “काका, तुमच्या घोडीला हिरवा दोरा होता. तिच्या पोटात आता काही नाही. तिला औषध कशाला हवंय?”

“नसू द्या की,” तो म्हणाला. “ह्यांच्या घोडीला रोज बघाया जाता, वर औषध बी ह्यांनाच. आमच्या घोडीनं तुमचं काय घोडं मारलंय?”

माझा नवरा हात जोडून उभा होता. “भाऊ, द्या राव. लई बेजार हाय ती.” तो माणूस झाकण फिरवतच राहिला. आणि गंमत अशी की त्या अख्ख्या पटांगणात त्याचं म्हणणं मला एकटीला तंतोतंत समजत होतं. दुसऱ्याला मिळतंय ना, मग मलाही हवं, गरज असो नसो. इतकी वर्षं मी तरी दुसरं काय म्हणत होते? समजत होतं म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पुढं गेले आणि त्याच्या हातातून पिचकारी ओढून घेतली.

“अगं बाई, हे काय!” तो ओरडला.

“ही माझ्या घोडीची आहे,” मी म्हटलं. आणि मी तिचं नाव घेतलं. मोठ्यानं, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असं. “तिची लीद मी उचललीय. तिच्या मागं उभं राहून माझे पाय मोडलेत. तुमच्या घोडीला काय हवं ते तुमच्या बायकोला विचारा!”

बायका हसल्या. मिशीवाला काहीतरी पुटपुटत मागं सरला. नवरा माझ्याकडं बघत होता, उखाण्याच्या वेळी बघितलं होतं तसं.

औषध द्यायला नवऱ्यानं तिचं डोकं धरलं. तिनं डोकं झटकलं. त्यानं चुचकारलं, डावीकडनं गेला, उजवीकडनं गेला. ती मागं मागं. डॉक्टरीणबाई म्हणाली, “ताई, तुम्ही धरा.” मी जबड्याखाली हात धरला आणि रोजच्यासारखी बोलायला लागले, काय ते तिचं तिला ठाऊक. ती उभी राहिली. पिचकारी जिभेच्या मागं गेली, रिकामी झाली. जबडा उचलून धरला तशी तिनं सगळं गिळलं.

“हिला चारलंस तरी काय तू?” नवऱ्यानं विचारलं. हसत विचारलं, पण ते हसू पुरतं नव्हतं. मला ते हसू ओळखीचं वाटलं.

ती सुधारली. हळूहळू सुधारली, पण चैत्रापर्यंत बरगड्या झाकल्या, केसांवर चकाकी आली. आता डॉक्टरीणबाईची बंधनं नव्हती. नवऱ्यानं सगळं पुन्हा आपल्या हातात घेतलं. चारा तो टाकणार, पाणी तो दाखवणार, सरावाला तो नेणार. मी पुन्हा मेसच्या ओट्याशी. सुटले एकदाची, असं मी म्हणायला हवं होतं. उलट खिडकीतून दिसायचं, तो तिला खरारा करतोय, ती मान त्याच्या खांद्यावर टाकतेय, आणि माझ्या पोटात दुखायचं. सगळं आधीसारखंच होतं. फक्त आधी मी तिच्यावर जळायचे, आता त्याच्यावर. आजारपणात उभी कोण राहिली? आणि चकाकी आल्यावर आले हे खरारा घेऊन.

यात्रेला घाट भरला. मी बायकांच्या गर्दीत, शाळेच्या गच्चीवर. आमच्या गावचा गाडा सुटला आणि पुढं ती, पाठीवर नवरा. मान लांबवून अशी पळाली, की बैलांना ती शेवटपर्यंत सापडली नाही. भंडारा उधळला, लोकांनी फेटे उडवले. नवऱ्याच्या गळ्यात हार, तिच्या गळ्यात हार. मिरवत दोघं गच्चीखालून गेले. मी हाक मारली, नाव घेऊन. ढोल एवढे वाजत होते, दोघांनीही वर बघितलं नाही. शेजारची म्हणाली, “सवत लई पळाली गं तुझी.” मी म्हटलं, “सवत म्हणू नको तिला.” आणि घरी निघून आले.

दुपार टळली होती. पाहुण्यांचं जेवण व्हायचं होतं, मी कणीक मळायला घेतली. बाहेर मिरवणूक दाराशी आली, पाहुणे ओसरीत बसले, सासूबाई मीठ-मिरच्या घेऊन घोडीकडं गेल्या. थोड्या वेळानं सगळ्या अंगणाला ठसका लागला. मी बाहेर गेले नाही. मी कशाला जाऊ? हार त्याच्या गळ्यात होता.

मग नवरा स्वयंपाकघराच्या दारात आला. अंगभर भंडारा, फेटा सुटलेला, गळ्यात अजून हार. मला वाटलं, कौतुक करून घ्यायला आलाय. पण तोंड आंबट होतं.

“पाणीच पीना झालीय,” तो म्हणाला. “बादली तोंडाशी धरली तरी नाय. गूळ घातला तरी नाय. नुसती ह्या दाराकडं बघती.”

“मग?”

त्यानं हारातलं एक फूल तोडलं. “मग काय. चल. तुझी घोडी हाक मारतीया तुला.”

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी परातीतलं पीठ सावकाश बोटांवरून काढत राहिले.

“कुणाची?” मी विचारलं.